दुसऱ्या टोकाला कोण?

हरण्याचे दुःख मला आता फारसे होत नाही. ज्याने १९५९ सालापासून आपल्या क्रिकेट-संघावर जीव लावला आहे, त्याला हरण्याची सवय नसली तरच नवल! त्या वर्षी आपण इंग्लंडमध्ये पाचच्या पाच कसोटी सामने हरलो. १९६२ साली वेस्ट इंडीजमध्ये पुन्हा पाचच्या पाच. या दोन शाळांतून जो शिकून निघाला, तो पुढच्या आयुष्यात कशानेच खचत नाही.

पण हरण्याहरण्यातही फरक असतो. समोरचा सरस होता म्हणून हरलो, तर माणूस कपभर चहा घेऊन कामाला लागतो. पंचाने घात केला म्हणून हरलो, तर आठ दिवस लोकलमध्ये बोलायला विषय मिळतो. एका हरण्याची टोचणी मात्र वर्षानुवर्षे जात नाही. आपल्याकडे एक खरा वेगवान गोलंदाज असतो, तो घामाघूम होऊन चेंडू टाकीत असतो, समोरचा फलंदाज चाचपडत असतो. आणि सहा चेंडू संपतात. क्रिकेटचा कायदा असा की एकाच माणसाला लागोपाठ दोन षटके टाकता येत नाहीत. चेंडू दुसऱ्या टोकाला जातो. आता तिथून कोण? तिथून कोणीच नाही! कोणीतरी सद्‌गृहस्थ दोन-चार पावले धावून येतो, चेंडू टाकल्यासारखे करतो, फलंदाज घाम पुसतो, चौकार मारतो आणि ताजातवाना होऊन पुन्हा पहिल्या टोकाला तोंड द्यायला उभा राहतो.

१९५८-५९ च्या मोसमात वेस्ट इंडीजचा संघ आपल्याकडे आला, तेव्हा त्यांच्याजवळ एका टोकाला वेस्ली हॉल होता आणि दुसऱ्या टोकाला रॉय गिलख्रिस्ट. आमच्याजवळ काय होते? पाच सामन्यांत आम्ही चार कर्णधार करून दाखवले! उम्रीगर झाले, गुलाम अहमद झाले, विनू मंकड झाले, शेवटी हेमू अधिकारी झाले. कर्णधार चार मिळाले, पण हॉलला जोडीस जोड देईल असा गोलंदाज एक मिळेना. अखेर फेब्रुवारीत दिल्लीच्या सामन्यासाठी एकोणीस वर्षांचा एक मुंबईकर पोरगा निवडला गेला. उंची पाच फूट चार इंच. नाव रमाकांत देसाई.

आमच्या गिरगावच्या चाळीत त्या दिवशी समोरच्या बिऱ्हाडातल्या मर्फी रेडिओभोवती ही गर्दी जमली होती! वेस्ट इंडीजने आठ बाद ६४४ धावा केल्या. त्या डावात देसाईने ४९ षटके टाकली आणि १६९ धावांत चार बळी घेतले. एकोणपन्नास षटके! म्हणजे जवळजवळ तीनशे वेळा तो लहानखुरा मुलगा धावत आला. चाळ टाळ्या वाजवीत होती. माझे वडील तेवढे गप्प होते. ते गिरणीतले टाइमकीपर; कोणाकडून किती तास काम घेतले, हे मोजण्याची त्यांना सवय. ते म्हणाले, “पोराला कामाला जुंपलंय. बदली कामगार नाही वाटतं यांच्याकडे?”

बदली कामगार नव्हताच. आणि तो का नव्हता, याची कहाणी मोठी चमत्कारिक आहे. कारण आपला आरंभ दुष्काळातून झालेला नाही. १९३२ साली लॉर्ड्‌सवर आपण पहिला कसोटी सामना खेळलो, तेव्हा एका टोकाला महंमद निसार आणि दुसऱ्या टोकाला अमरसिंग होते. पहिल्या अर्ध्या तासाच्या आत इंग्लंडची अवस्था तीन बाद एकोणीस झाली होती. पण अमरसिंग १९४० साली वयाची तिशीही न गाठता गेला. फाळणी झाली आणि निसार पाकिस्तानात गेला. १९४७ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी निवडलेला फझल महमूदही तिकडेच राहिला. पुढे १९५२ साली लखनौला तो पाहुणा म्हणून आला, तागाच्या मॅटिंगवर आपले बारा गडी बाद केले आणि सामना घेऊन गेला. घरची विहीर वाटणीत गेली आणि तिचेच पाणी विकत घ्यायची पाळी आली, त्यातला प्रकार!

त्यानंतर आपण दुसरी विहीर खणायला हवी होती. पण आपण ठरवले की आपल्याला तहानच लागत नाही. खेळपट्ट्या अशा केल्या की चेंडूने उसळायचे मनात आणले तरी उसळता येऊ नये. कोल्हापूरचे दत्तू फडकर, रामचंद, उम्रीगर हे मूळचे हरहुन्नरी खेळाडू; त्यांच्या हाती नवा चेंडू द्यायचा, तीन-चार षटके उरकायची आणि फिरकीवाल्यांना बोलवायचे. नव्या चेंडूची लकाकी लवकर जावी म्हणून आपलेच क्षेत्ररक्षक तो जमिनीवरून घरंगळत फेकीत. वेगवान गोलंदाज हा आपल्याकडे सत्यनारायणाच्या पूजेतल्या सुपारीच्या गणपतीसारखा झाला होता. त्याच्यावाचून आरंभ होत नाही, पण खरी पूजा पुढेच असते.

१९६२ साली बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू नरी काँट्रॅक्टरच्या डोक्याला लागला. तो मरणाच्या दारातून परत आला, पण पुन्हा कसोटी खेळला नाही. तेव्हा कुठे मंडळाला जाग आली. उपाय काय केला? वेस्ट इंडीजहून चार वेगवान गोलंदाज आणून ते देशभर वाटले. गिलख्रिस्ट हैदराबादला, वॉटसन दिल्लीला, किंग बंगालला आणि स्टेयर्स आमच्या मुंबईला. हेतू हा की आपल्या फलंदाजांना वेगाचा सराव व्हावा. मार कसा चुकवावा हे शिकवायला मास्तर आणले. मारावे कसे, हा विषय अभ्यासक्रमातच नव्हता!

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या घरी एक गोष्ट घडली. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, देसाईच्याच वयाचा. कांगा लीगमध्ये एका क्लबाकडून खेळत असे. हा क्लब काही मोठा नव्हे. फलंदाज सात, फिरकीवाले तीन, आणि वेगाने टाकणारा एकटा दादा. जुलै-ऑगस्टच्या चिखलात तो एका टोकाकडून डाव संपेपर्यंत टाकी. थकलो म्हणाला की कर्णधार खांद्यावर हात ठेवून म्हणे, “तुझ्याशिवाय आहे कोण आम्हाला?” या वाक्यासारखी गोड आणि घातकी गोष्ट जगात दुसरी नसेल! माणसाला ते कौतुक वाटते, आणि तो पुन्हा धावत सुटतो. दादाचा उजवा खांदा दोन मोसम दुखत होता. तेल लावून, शेक घेऊन तो टाकीत राहिला. त्या ऑगस्टमध्ये एका रविवारी तो घरी आला तो हात छातीशी धरूनच. हाडवैद्य झाले, डॉक्टर झाले. हात बरा झाला, पण खांद्याच्या वर कधी गेला नाही. चाळीत छताशी टांगलेल्या काठीवर धोतरे वाळत घालायचे काम त्याच्याकडे असे. ते तो पुढे डाव्या हाताने करू लागला. तेविसाव्या वर्षी! क्लबाने पुढच्या मोसमात दुसरा मुलगा शोधला. तोही एकटाच.

म्हणून मला म्हणायचे आहे की दुसऱ्या टोकाला कोणी नसणे हे नुसते संघाचे नुकसान नव्हे. संघ आज हरतो, उद्या जिंकतो. पण त्या एका माणसाचा खांदा, गुडघा, पाठ यांना उद्या नसतो. देसाईचेच पाहा. अठ्ठावीस कसोटी सामने, चौऱ्याहत्तर बळी. १९६८ साली ड्युनेडिनला चेंडू लागून जबडा मोडला, तरी मैदान न सोडता त्याने बेदीबरोबर शेवटच्या जोडीसाठी ५७ धावांची भर घातली. परदेशातला आपला पहिला कसोटी विजय तो. आणि त्याच दौऱ्यात त्याची कसोटी कारकीर्द संपली. वय अवघे अठ्ठावीस! १९९८ साली तो गेला, तेव्हा दादाने दिवसभर रेडिओ लावला नाही.

त्याच्या आधीच्या वर्षी, १९६७ साली, तर बर्मिंगहॅमला आपण बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन असे चारही फिरकीवाले एकदम खेळवले आणि नवा चेंडू दिला बुधी कुंदरनच्या हाती. कुंदरन मूळचा यष्टिरक्षक! ‘तू काय टाकतोस?’ असे कर्णधाराने विचारले आणि ‘मलाच ठाऊक नाही’ असे त्याने उत्तर दिले, ही गोष्ट लोक पुढे कित्येक वर्षे हसत सांगत. मीही हसलो आहे. पण हसता हसता घशात काहीतरी अडकते.

पुढे कपिल देव आला. पोरवयात मुंबईच्या शिबिरात त्याने जेवायला आणखी मागितले, मी वेगवान गोलंदाज आहे म्हणाला, तेव्हा हिंदुस्थानात वेगवान गोलंदाज नसतात, असे त्याला ऐकवले गेले. हे त्याने स्वतःच अनेकदा सांगितले आहे. ४३४ बळी घेऊन त्याने त्याचे उत्तर दिले. पण १९८३ साली अहमदाबादला त्याने वेस्ट इंडीजचे एका डावात ८३ धावांत नऊ गडी बाद केले, तो सामनाही आपण हरलो. १९९९ साली कोलकात्याला श्रीनाथने पाकिस्तानचे तेरा बळी घेतले, तोही हरलो. आणि २०११ साली लॉर्ड्‌सवर आमच्या श्रीरामपूरच्या झहीर खानचा पहिल्याच दिवशी पायाचा स्नायू दुखावला, तेव्हा कोणी चेंडू हाती घेतला? महेंद्रसिंग धोनीने! यष्टिरक्षकाने पॅड सोडले आणि द्रविडने ते बांधले. कुंदरननंतर चव्वेचाळीस वर्षांनी, त्याच इंग्लंडात. दूरदर्शन-संचासमोर बसलेला दादा म्हणाला, “बघ, आपण किती पुढे आलो!” ती मालिका आपण ४-० अशी हरलो.

या बाबतीत मला क्रिकेट मंडळापेक्षा आमच्या चाळीतल्या बायका शहाण्या वाटतात. दिवाळीच्या आधी त्यांची पाळी ठरलेली असे. आज आमच्याकडे करंज्या, उद्या शेजारी, परवा तळमजल्यावर. एक लाटायला, एक सारण भरायला, एक कातणाने कापायला आणि एक कढईपाशी. तळणारीचे डोळे धुराने चुरचुरू लागले की ती न सांगता उठे आणि लाटणारी तिच्या जागी बसे. कोणीही कोणाला ‘तुमच्याशिवाय आहे कोण?’ असे म्हणत नसे; कारण कोणीतरी असेच. एखादीला ताप आला म्हणून चाळीची दिवाळी अडल्याचे मला आठवत नाही. फारसे न शिकलेल्या त्या बायकांना जे उमजले होते, ते आपल्या मंडळींना उमजायला अर्धे शतक लागले.

पण उमजले, हे मात्र खरे. २०२१ च्या जानेवारीत ब्रिस्बेनला आपला सामना होता. बुमराह जायबंदी, शमी जायबंदी, उमेश यादव जायबंदी, ईशांत तर दौऱ्यावर आलाच नव्हता; अश्विन आणि जडेजा हेही बाहेर. उरलेल्या पाच गोलंदाजांचे त्याआधी मिळून चार कसोटी सामने झाले होते! सिराज, ज्याचे वडील त्याच दौऱ्यात वारले आणि जो तरीही थांबला. सराव देण्यासाठी म्हणून नेलेला सेलमकडचा नटराजन. पालघरहून लोकलने मुंबईला खेळायला येणारा शार्दूल ठाकूर. सैनी आणि वॉशिंग्टन सुंदर. १९८८ पासून ऑस्ट्रेलिया ज्या मैदानावर हरला नव्हता, तिथे या मुलांनी त्यांना दोन्ही डावांत बाद केले आणि आपण ३२८ धावांचे लक्ष्य गाठून तो सामना जिंकला.

दादा तेव्हा ऐंशी ओलांडून गेला होता. पहाटे साडेपाचला, घोंगडी पांघरून, आम्ही दोघे म्हातारे संचासमोर बसत असू. पहिल्या दिवशी आठव्या षटकाचा एक चेंडू राहिलेला असताना सैनी लंगडत बाहेर गेला. मी कपाळाला हात लावला. पुढच्या षटकाला कोण येतो म्हणून दादा मान पुढे काढून पाहत होता. ठाकूर आला, मग सिराज आला, मग नटराजन आला. खेळ चालू राहिला. दादा किती वेळ काहीच बोलला नाही. मग डाव्या हाताने उजवा खांदा चोळीत म्हणाला, “अरे, याच्या जागीही माणूस आहे! त्याला म्हणावं, आता नीट बरा होऊन ये. घाई नाही.”