कान्याची कळ

'दाखला' लिहावं तर पडद्यावर 'दााखला'. पुढच्याच ओळीत 'नाव' टाइप केलं की 'नव'. जालन्यात अंबड चौफुलीकडे माझं टायपिंगचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वारसनोंदीचे अर्ज असं दिवसभर चालू असतं. नावातला एक काना चुकला तरी माणसाला तलाठ्याकडे पुन्हा खेटे घालावे लागतात, त्यामुळे हे दुखणं अंगावर काढण्यासारखं नव्हतं.

मी इन्स्क्रिप्टनं टाइप करते. त्यात काना ई या इंग्रजी अक्षराच्या कळीवर येतो, आणि मराठीत कान्याशिवाय ओळ पुढे सरकत नाही. कीबोर्ड दुसऱ्या संगणकाला लावून पाहिला, तिथंही तेच. म्हणजे खोट कीबोर्डातच. आतमध्ये कळा आडव्या-उभ्या ओळींच्या जाळीत जोडलेल्या असतात. जाळीतली एखादी वाट तुटली तर तिच्यावरच्या बऱ्याच कळा एकदम बंद पडतात. इथं एकटी ई बिघडली होती, म्हणजे वाट शाबूत, खोट त्या कळीतच.

माझा कीबोर्ड मेकॅनिकल आहे. त्यात बिघाड एका कळीपुरता राहतो, हेच मला आवडतं. साध्या कीबोर्डात सगळ्या कळांखाली मिळून प्लास्टिकचा एकच पडदा, तो गेला की सगळंच गेलं. इथं प्रत्येक कळीला स्वतःचा स्विच, स्वतःची स्प्रिंग आणि धातूच्या दोन पातळ पट्ट्या. पट्ट्या टेकल्या की अक्षर उमटतं. टेकताना त्या काही मिलिसेकंद थरथरतात, तेवढी थरथर आतली चिप सोडून देते. पट्टीवर धूळ बसली किंवा ती काळी पडली की थरथर लांबते आणि चिप एका दाबाचे दोन मोजते. कधी पट्टी नीट टेकतच नाही, मग काना गायब.

विंडोजमध्ये लगोलगचा दुसरा दाब गाळायची सोय आहे, ती एकानं सुचवली. पण अर्ध्या सेकंदाचा अवधी ठेवला की भरभर टाइप करताना 'ललिता'ची 'लिता' होते. याला मी दुरुस्ती म्हणणार नाही.

मग पट्ट्या साफ करायला मोबाइलवाल्याकडून आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणलं. वायर काढली, कळीची टोपी उपसली, स्विच दाबून धरून फटीत दोन थेंब सोडले, बराच वेळ खालीवर केला आणि पूर्ण वाळू दिला. काही दिवस बरं चाललं, मग पुन्हा दोन काने.

शेवटी जुन्या जालन्यातल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी कीबोर्ड उलटा करून भिंगातून टाके पाहिले. "ताई, बोर्ड चांगलाय. खटकाच गेलाय." नवा स्विच जवळ नव्हता. मी म्हटलं, स्क्रोल लॉकचा काढा, त्या कळीला मी कधी बोटच लावत नाही. त्यांनी दोन्ही स्विचच्या दोन-दोन पिनांवरचं सोल्डर पंपानं ओढून घेतलं, स्क्रोल लॉकचा स्विच ई च्या जागी बसवला आणि टाके मारले. मी तिथंच लॅपटॉपला लावून 'काका, मामा, आजोबा' असं पानभर टाइप केलं. एकही काना सुटला नाही, एकही जास्तीचा पडला नाही.

आता जोडाक्षरांची, डी ची कळ अधूनमधून अडखळते. तिच्यासाठी त्याच जातीचे सुटे स्विच मागवून ठेवलेत.