ठिपके, वर्तुळ आणि चैत्रांगण

बंगळूरु



मंडल म्हणजे एका मध्यबिंदूभोवती वर्तुळामागून वर्तुळ वाढवत नेलेले चित्र. तिबेटी भिक्षू ते रंगीत वाळूने काढतात आणि विधी संपला की पुसून टाकतात. म्हैसूर जिल्ह्यातल्या बैलकुप्प्याच्या मठांत ही परंपरा जपली आहे. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी पहिले मंडल १९१६ मध्ये काढले आणि १९१८-१९ च्या सुमारास ते रोज सकाळी वहीत एक छोटे वर्तुळ रेखाटत. परदेशातल्या वर्गांत मन शांत करायला म्हणून मंडल शिकवतात, त्यामागे युंग यांचा मोठा हात आहे. पण मराठी घरच्या मुलीला त्यासाठी फी भरावी लागावी, याचे वाईट वाटते. ही शिस्त तिच्या उंबऱ्यावरचीच आहे.

हा उंबरा बंगळूरचा असला तरी मराठीच आहे. बंगळूर १६३८ मध्ये विजापूरकरांनी जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. इथल्या मराठीपणाचा धागा तिथवर जातो. शेजारच्या कन्नड घरापुढे चुक्की रंगोली, मराठी घरापुढे ठिपक्यांची रांगोळी. सडा घातल्यावर दोन्हींचे गणित एकच. ‘७ ते ४’ म्हटले की मधल्या ओळीत सात ठिपके, वर-खाली एकेक कमी करत चारपर्यंत, एकूण ३७. तुझी पणजी हे ठिपके मोजत नसे. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून पूड सुटे ती सारख्या जाडीची, आणि रेघ संपेपर्यंत श्वासही संथ होई. मधे कुणी हाक मारली तर ओ मिळत नसे. चैत्रात तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रांगण: झोपाळ्यातली गौर, सूर्य, चंद्र, शंख, गोपद्म, कासव, तुळस. कासवाची पाठ ती सगळ्यात शेवटी भरी.

आता फ्लॅटच्या दारात एका फरशीएवढी जागा उरली आहे आणि तिथेही स्टिकर चिकटवतात. त्याने दार सजते, पण काढणाऱ्याला काही मिळत नाही.

जे मिळते ते आखीवपणातून मिळते. करी आणि कॅसर या संशोधकांनी २००५ मध्ये ८४ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. मंडल रंगवणाऱ्यांची अस्वस्थता कोऱ्या कागदावर मनाला येईल ते रंगवणाऱ्यांपेक्षा अधिक उतरली. आणि चौकटींची नक्षी रंगवणाऱ्यांचीही तशीच उतरली. म्हणजे वर्तुळच हवे असे नाही. मनाला पुढची रेघ कुठे जायची ते ठाऊक असावे, एवढे पुरते.

परदेशातल्या भाड्याच्या घरात पूड सांडायची सोय नसते. तिथे कागद घ्यावा, कंपासने चार-पाच वर्तुळे काढावीत, आठ भाग पाडावेत आणि मध्यापासून बाहेर भरत जावे. एका भागात काढले तेच उरलेल्या सातांत. रेघ वाकडी गेली तर खोडू नये. बाकीच्या भागांतही तशीच वाकवावी, नक्षी जुळते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. चैत्रात मात्र वर्तुळाच्या मधोमध गौर बसवावी आणि कासव विसरू नये. फोटो पाठवावा, आणि जेवण वेळेवर करावे.

आजी