नानांची पट्टी आणि तुटक रेघा

लकडगंजात राहणाऱ्याला लाकडातले काही कळत असणारच, असा नागपुरातल्या इतर वस्त्यांचा एक उदार समज आहे. आमच्यापुरता तो साफ खोटा आहे. आम्ही उभयता महाविद्यालयात मराठी शिकवतो. सकाळी आरामशीनीच्या आवाजाने जागे होतो, पावसाळ्यात ओल्या भुशाचा वास उशाशी घेऊन झोपतो, चंद्रपूर-गडचिरोलीकडचे सागाचे ओंडके ट्रकांतून उतरताना पाहतो. पण साग कोणता आणि बिजा कोणता, हे आजही आम्हांला कोणीतरी सांगावे लागते. ज्यांना ते नुसत्या स्पर्शाने कळत असे ते नाना, म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसऱ्याचे सासरे, सात वर्षांपूर्वी गेले. राहते घर त्यांचे, आणि घराच्या सहाही खिडक्या त्यांच्याच हातच्या.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत त्यांपैकी एका खिडकीची चौकट वाळवीने खाल्ल्याचे ध्यानात आले. वरून रंग शाबूत, आत नुसती माती. नानांच्या हाताखाली उमेदीची वर्षे काढलेल्या मिस्त्रींना बोलावणे धाडले. त्यांनी चौकटीवर बोटाने टकटक केली, मान हलवली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "सर, नानांची पट्टी कुठी ठेवली?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि "शोधावी लागेल," असे उत्तर दिले. ते खरे नव्हते.

ही पट्टी म्हणजे मोजपट्टी नव्हे. तिच्यावर इंच नव्हते की आकडे नव्हते. सागाची साडेचार-पाच फुटांची, रंधा मारून सरळ केलेली एक काठीवजा पट्टी. तिच्या एका अंगावर उभ्या मापांच्या खुणा, दुसऱ्या अंगावर आडव्या मापांच्या. चौकटीचा तळ इथे, दाराचे मधले आडवे लाकूड इथे, बिजागरी इथे, कडी इथे. काम आरंभण्यापूर्वी नाना एकदाच टेप लावीत आणि त्या खुणा चाकूच्या टोकाने कोरून घेत. मग टेप खिशात जाई. पुढे सहा खिडक्यांचे प्रत्येक लाकूड त्या पट्टीशेजारी निजवून खुणा उचलल्या जात. सहा वेळा टेपने मोजले तर सहा वेळा वेगवेगळे चुकते. पट्टी चुकली तरी सहाही ठिकाणी एकच चूक करते, आणि सर्वांनी मिळून केलेली एकच चूक घरात दिसत नाही, असे ते म्हणत. आम्ही ते विनोद म्हणून ऐकत असू.

मुलगा सुटीवर घरी होता. तो यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. "पट्टी कशाला हवी? पाच खिडक्या उभ्या आहेत की. मी मोजतो आणि कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करून देतो," असे म्हणून त्याने टेप काढला. पाच खिडक्यांची पाच मापे निघाली. एकीची उंची दुसरीहून दोन सुतांनी अधिक. (सुतारांचे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.) घर पस्तीस वर्षांचे, भिंती थोड्या बसलेल्या, लाकूड पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात आटलेले. पाचांपैकी खरी कोणती, हे सांगणारे कोणी नव्हते. अखेर त्याने शेजारची खिडकी प्रमाण धरली.

त्याचे साधन होते फ्रीकॅड. ही विनामूल्य आज्ञावली २००२ पासून उपलब्ध आहे. त्याने आधी चौकट काढली, चौकटीच्या कडेवरून दार काढले, दाराच्या कडेवरून मधले आडवे लाकूड आणि त्या लाकडाच्या खाचेवरून पुढचे काही. तासाभरात पडद्यावर खिडकी उभी राहिली आणि आम्ही कौतुक केले. मग चौकटीत एक खाच वाढवायची राहिली म्हणून त्याने ती घातली, उंची दोन सुतांनी बदलली, आणि मधले आडवे लाकूड उडी मारून चौकटीबाहेर जाऊन बसले. बाजूच्या यादीत चुकांच्या खुणा उमटल्या. आम्हांला हसू आले. त्याला आले नाही.

मग आम्हांला जे समजावून सांगण्यात आले ते आमच्या शब्दांत असे. संगणकावरचे आरेखन म्हणजे स्वच्छ हाताने काढलेले चित्र, अशी आमची समजूत होती. ती चुकीची होती. इथे रेघेला नुसती जागा नसते, नाती असतात. ही त्या रेघेला समांतर, ही तिच्याशी काटकोनात, या दोन मधल्या रेघेपासून सारख्या अंतरावर. इव्हान सदरलँड यांनी १९६३ मध्ये एमआयटीच्या प्रबंधासाठी स्केचपॅड नावाची प्रणाली रचली, तीत प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघा काढता येत आणि त्यांच्यावर अशी बंधनेही घालता येत. आजच्या आरेखनप्रणाली ही कल्पना घेऊनच चालतात. एक माप बदलले की नात्यातली सर्व मापे आपापली जागा बदलतात. प्रश्न इतकाच की नाते कोणाशी जोडले आहे.

मुलाने ते कडांशी जोडले होते, आणि कडा हे फलित असते. लाकूड आकाराला आले म्हणून कडा आली. संगणक आपल्या सोयीसाठी कडांना क्रमांक देतो. एखादी खाच नव्याने घातली की क्रमांक सरकतात, आणि सातव्या कडेला धरून बसलेले लाकूड निमूटपणे नव्या सातव्या कडेला जाऊन चिकटते. या दुखण्याने फ्रीकॅड वापरणाऱ्यांना अनेक वर्षे छळले. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत त्यावर बराच उतारा सापडला. तरी उतारा मिळाला म्हणून पथ्य सोडायचे नसते, असे मुलाला शिकवण्यात आले होते. घाईत तो ते विसरला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने कोऱ्या पानावर नव्याने आरंभ केला. या वेळी चौकट आधी आली नाही. पडद्याच्या मध्यावर जो मूळ बिंदू असतो, जो कितीही खाचा घातल्या तरी हलत नाही, त्यातून त्याने एक उभी रेघ नेली आणि एक आडवी. उभी ही खिडकीची मध्यरेषा, आडवी ही तळाची पातळी. आडव्या लाकडांच्या उंचीसाठी आणखी तीन रेघा. या पाचही रेघा त्याने आधाररेषा म्हणून जाहीर केल्या, तेव्हा त्या निळसर आणि तुटक झाल्या. मापे त्यांनाच दिली आणि प्रत्येक मापाला नाव दिले. मग चौकट काढली ती या रेघांना धरून. डावी-उजवी बाजू मध्यरेषेपासून समान. शेवटचे बंधन बसताच सारी आकृती हिरवी झाली. हिरवी म्हणजे आता कोणतीच रेघ सैल नाही.

"या तुटक रेघा शेवटी पुसायच्या ना?" आम्ही विचारले. शाळेत भूमितीच्या वहीतल्या रचनेच्या रेघा खोडरबराने पुसल्यावर मिळणारी शाबासकी आम्हांला आठवत होती.

"नाही गं आई. पुसल्या तर चित्र दिसेल तसंच, पण त्याला धरून ठेवणारं काही राहणार नाही. पुढे कोणी एक माप बदललं की संपलं."

"मग त्या खिडकीत येतील?"

"येत नाहीत. आकार उचलताना त्या मोजल्याच जात नाहीत."

"तर मग सगळीकडे काढून ठेवाव्यात."

"तसंही नाही, बाबा. एका लाकडाला दोन ठिकाणांहून बांधलं, की दोन हुकूम होतात. मग ते अडून बसतं. थोड्याच हव्यात, आणि न हलणाऱ्या जागेवरून निघालेल्या हव्यात."

इथे आमच्यातला अध्यापक जागा झाला. 'सुतार' हा शब्द संस्कृत 'सूत्रधार' या शब्दावरून आला, हे आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. नाटकातला सूत्रधार विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. दोरी धरून रेघ आखणारा सूत्रधार सांगावा लागतो. शुल्बसूत्रांतले 'शुल्ब' म्हणजेही दोरीच. कात्यायन शुल्बसूत्रात वेदी रचण्याआधी पूर्व-पश्चिम रेषा मिळवण्याची रीत दिली आहे. सपाट जमिनीवर शंकू रोवायचा, त्याभोवती दोरीने वर्तुळ काढायचे, सकाळी आणि दुपारनंतर शंकूच्या टोकाची सावली वर्तुळाला जिथे शिवेल तिथे खुंट्या ठोकायच्या. दोन खुंट्यांना जोडणारी ती प्राची. पुढचे सारे मोजमाप तिच्यापासून. वेदी पुरी झाल्यावर प्राची कोणाला दिसत नाही. पण ती कशी काढायची हे सूत्रात राहिले, म्हणून वेदी पुन्हा रचता आली.

आमच्या मुलखातही असे एक उदाहरण आहे. १८०२ मध्ये मद्रासेत पायारेषा मोजून विल्यम लॅम्बटन यांनी हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे काम सुरू केले. त्रिकोणाला त्रिकोण जोडत ते काम उत्तरेकडे सरकले. नागपूरच्या वाटेवर असताना, २० जानेवारी १८२३ रोजी, हिंगणघाटला त्यांचा अंत झाला. ते त्रिकोण भूमीवर कोठेही आखलेले नाहीत. पण त्यांचे कोन जिथे होते तिथल्या खुणा जपल्या गेल्या, म्हणून मोजणी करणारा गेल्यावरही मोजणी पुढे चालली. आमच्या झिरो माइलजवळही १९०७ सालचा, उंची मोजण्यासाठीचा प्रमाणबिंदू आहे. आम्ही विद्यार्थ्यांना तिथले चार घोडे दाखवून आणतो. त्या बिंदूकडे आम्ही स्वतःही कधी नीट पाहिले नव्हते.

आता पट्टीचे सांगणे भाग आहे. नाना गेले त्यानंतरच्या फाल्गुनात आम्ही त्यांची कामाची खोली आवरली. हत्यारे मिस्त्रींना दिली. उरलेला साग राखला, त्यांनी केलेला पाट राखला, अर्धवट राहिलेला चौरंगही राखला. कोपऱ्यातली ती ओरखडे पडलेली पट्टी मात्र आम्हांला वस्तू वाटली नाही. मोहल्ल्यातली मुले होळीसाठी लाकडे मागत दारात आली, तेव्हा फुटक्या खोक्यांबरोबर तीही त्यांच्या हाती दिली. हस्तलिखिताच्या समासातली बारीकशी खूणही गाळू नये, असे जन्मभर इतरांना बजावणारी आम्ही माणसे. नानांनी जे केले ते आम्ही जपले. ज्यावरून केले ते जाळले.

हे आम्ही त्या संध्याकाळी मुलाला सांगितले. तो काही बोलला नाही. पडद्यावरची आकृती त्याने दोनदा जतन केली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनाही सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "जाऊ द्या सर. नाना बी काम झालं की पट्टी कोनाड्यात टाकून देत." आणि जरा थांबून, "पण टाकत कोनाड्यातच."

मुलाने छापून दिलेला कागद त्यांनी उजेडात धरला. आकड्यांकडे त्यांचे लक्ष नव्हते. मधल्या तुटक रेघेवरून त्यांनी बोट वरून खालपर्यंत नेले. "हे बरं केलं. पहिले मधली रेघ." मग राखलेल्या सागातली एक पट्टी त्यांनी मागून घेतली, रंधा मारला आणि कागदावरची मापे टेपने एकदाच लावून चाकूने कोरली. टेप खिशात गेला.

खिडकी डिसेंबरात बसली. शेजारच्या खिडकीहून ती एका सुताने कमी आहे. आम्हांला ठाऊक आहे म्हणून दिसते. नवी पट्टी कामाच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवली आहे. मिस्त्रींच्या पद्धतीत न बसणारी एकच गोष्ट आम्ही केली: प्रत्येक खुणेशेजारी ती कशाची, हे पेन्सिलीने लिहून ठेवले, कारण तेवढेच आम्हांला येते. यंदाच्या होळीला मुले आली तेव्हा लाकडे देण्याआधी आम्ही एकदा कोनाड्यात पाहून आलो.