बिनविसाव्याची सायकल

गावाचं नाव घोडेगाव, नदीचं नाव घोड. तेव्हा आमच्या पुतण्यानं आणलेली सायकलही अडेल घोड्यासारखी निघावी, यात नवल ते काय! हिला फ्रीव्हील म्हणून नाही. मागची दात्यांची चकती चाकालाच जखडलेली. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. उतारावर पाय सैल सोडून शीळ घालायची सोय नाही. संसारात तरी दुसरं काय असतं म्हणा!

पुढे ४८ दाते, मागे १६. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे तीन फेरे.

"हे बालेवाडीच्या ट्रॅकवर ठीक," मी म्हटलं, "भीमाशंकरच्या चढावर गुडघे राजीनामा देतील."

मागे २० दात्यांची चकती बसली. ती सुटू नये म्हणून वर उलट्या आट्यांची रिंग. चेन फार ताणली तर कुरकुरते, सैल सोडली तर उतरते. बोटानं दाबून अर्धा इंच हलली की बेताची.

"काका, ब्रेक नको हं. ही पायांनीच थांबवायची असते."

"अरे, वळणावर एसटी समोर आली, की पायांचं मत विचारायला वेळ नसतो!"

पुढचा ब्रेक लागला, तेव्हाच मी हातातला पाना खाली ठेवला. स्वार कितीही पट्टीचा असो, घोड्याला लगाम हवाच.