एकवीस अक्षरांचा संसार

बडोद्यातील आमच्या घरी १९८७ साली स्पेक्ट्रम हा चिमुकला संगणक आला, तेव्हा त्याला जागा मिळाली ती शिवणयंत्राच्या मेजावर. पडदा म्हणजे घरचा दूरचित्रवाणी संच. रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले की आमचे संशोधन मुकाट्याने थांबे.

छंद एकच : यंत्राकडून मराठी लिहवून घ्यावयाचे. प्रत्येक अक्षराला आठ बाय आठ बिंदूंची चौकट, आणि स्वतः रेखाटावयाची अक्षरे अवघी २१! शिरोरेषेवर वेलांटीला नि पायाशी उकाराला जागा ठेवावी, तर मधले अक्षर चेचले जाई. आमची ही धडपड पाहून दादा एकदा म्हणाले, “अरे, मोडी शीक. तीत ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही. तुझे निम्मे काम हलके होईल.” आजोबांच्या मोडी कागदांची ट्रंक त्यांनी जपली होती, आमच्या हाती येईपर्यंत ती वाचणारे घरात तेच एकटे. “पुढच्या सुटीत शिकतो,” असे आम्ही सांगितले. सुट्या येत राहिल्या, आणि प्रत्येक सुटीत नवे यंत्र येत राहिले.

दादा १९९९ साली गेले. २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्थान मिळाले. आता आमच्या मेजावर मोठा पडदा आहे, आणि अक्षरांची टंचाई उरलेली नाही. त्या तक्त्याशी एकेक वळण ताडून पाहत आजोबांचे एक पत्र आम्ही लावीत बसतो. काल रात्री चार शब्द लागले. पाचवा काही केल्या लागत नाही.