घड्याळाची कळ

मोलाची वस्तू मनात भरेलच असा नियम नाही, हे सराफाच्या पेढीवर बसलेल्या कोणत्याही गृहिणीस ठाऊक असते. मातबर घड्याळवाल्यांस मात्र ते पुनःपुन्हा शिकावे लागते. त्यातही क्रोनोग्राफ, म्हणजे ज्यातील एक काटा कळ दाबून हवा तेव्हा सुरू करता येतो व हवा तेव्हा थांबविता येतो ते घड्याळ, या बाबतीत विशेष दुर्दैवी ठरले आहे. सोन्याचे कवच, हाताने घासलेले सुटे भाग, छाती दडपविणारी किंमत, असे सारे असूनही कित्येकदा रसिक ते पाहतात, मान डोलावतात आणि पुढे जातात. असे का व्हावे?

२०१९ साली ओदेमार पिगे या जुन्या स्विस पेढीने 'कोड ११.५९' ही मालिका पुढे आणली. तिच्या क्रोनोग्राफातील यंत्र पेढीने स्वतः घडविलेले, उत्तम प्रतीचे होते. पण तबकडी अगदीच अबोल, आणि तारखेची खिडकी चार व पाच यांच्यामध्ये अंग चोरून बसलेली! रसिकांनी टीकेची झोड उठविली. नक्षीदार तबकड्या पुढे आल्या, तेव्हा कोठे तिची धार बोथट झाली.

दुसरी तक्रार जोडयंत्राची. काही कारखानदार साध्या घड्याळाच्या यंत्रावर क्रोनोग्राफाचा वेगळा थर चढवितात. काम बिनचूक होते. पण कधी कळा व चावी एका पातळीत येत नाहीत, कधी तारीख आडाच्या तळाशी गेल्यासारखी दिसते. बंगला विकत घ्यावा आणि आत भाडेकरू नांदत असल्याचे कळावे, तसे रसिकाचे होते.

तरीही रूप आणि यंत्र यांनी सारा उलगडा होतो, असे आम्हांस वाटत नाही. रोलेक्सचे 'डेटोना' १९६३ साली निघाले, तेव्हा त्यातील मूळ यंत्र व्हालजू या दुसऱ्याच कारखान्याचे होते. त्याच्या आगळ्या तबकड्यांना तर गिऱ्हाईक मिळेना. तसलेच एक घड्याळ पॉल न्यूमन या नटाला त्याच्या पत्नीने दिले. न्यूमन मोटारींच्या शर्यतीत उतरत असे. म्हणून गाडी जपून हाकावी, अशा अर्थाची सूचना तिने घड्याळाच्या पाठीवर कोरून घेतली होती. २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्यास १ कोटी ७७ लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. ही किंमत काय केवळ पोलादाची होती?

१९७० साली अपोलो १३ यानात प्राणवायूची टाकी फुटली. परतीचा मार्ग नीट करण्यासाठी एकदा इंजिन १४ सेकंद चालवावयाचे होते. ते सेकंद ओमेगाच्या 'स्पीडमास्टर'वर मोजले गेले. त्या घड्याळावर रसिकांचा जीव का जडला, हे आणखी कोणी सांगावयास नको.

विद्यार्थिदशेत आम्ही विज्ञानशाळेत लंबकाची वीस आंदोलने मोजीत असू. हातातले स्टॉपवॉच ओबडधोबड, निकेल उडालेले. परंतु कळ दाबताना श्वास आपोआप रोखला जाई. अलीकडे एका सधन स्नेह्याने आपला नवा क्रोनोग्राफ आम्हांस कौतुकाने दाखविला. कळ कधी दाबता, असे आम्ही विचारले. "दुकानात दाबून पाहिली होती," ते म्हणाले. त्यांच्या आयुष्यात सेकंद मोजावा असे काही घडतच नव्हते!

आमच्या मते खरी मेख येथेच आहे. साधे घड्याळ आपणांस वेळ सांगते. क्रोनोग्राफास मात्र काम सांगावे लागते. जे घड्याळ कोणाच्या तरी निकडीतून जन्मले, किंवा कोणाच्या मनगटावर राबले, त्याचे उणेपणही रसिक पोटात घालतो. राबण्याचा नुसता वेष घेऊन काचेच्या कपाटात उभे राहणाऱ्यास तो नमस्कार करील, पण घरी नेणार नाही. आमच्या स्नेह्यांस आम्ही इतकेच सुचविले, की निदान चहा उकळताना तरी ती कळ दाबून पाहावी.