गव्हाणीतला हिशेब

चेन्नईच्या दक्षिणेला कोवलमच्या आसपास दारात बांधलेली गाय दिसली, तर ती बहुधा जर्सी संकरित असते. अंगाने आटोपशीर, बदामी रंगाची. पुढ्यात भाताचा पेंढा, वर कोंडा नि शेंगदाणा पेंड. आमच्या पुणे-नगरकडची धिप्पाड काळीपांढरी होल्स्टीन इथे क्वचितच. तमिळनाडूचं पैदास धोरणच तसं आहे: सपाटीवर जर्सी, निलगिरीसारख्या डोंगराळ भागात होल्स्टीन. किनाऱ्याची दमट हवा होल्स्टीनला सोसत नाही. ती धापा टाकते आणि आधी खाणं कमी करते. मग दूध कुठून येणार?

पशुआहार हा माझा विषय, त्यामुळे कुठल्याही गोठ्यात माझी नजर आधी गव्हाणीत जाते. दुधाच्या उत्पादनखर्चात ६० ते ७० टक्के वाटा चाऱ्या-खुराकाचा असतो. गाय आधी स्वतःच्या देहापुरतं खाते, उरेल त्याचं दूध करते. ३५० किलोच्या गाईशेजारी ५०० किलोची बांधा. नुसतं जगायला मोठीला रोज साधारण २ किलो सुकी वैरण जास्त लागते, भाकड काळातसुद्धा. आपला ठोकताळा मात्र दोघींना एकच: देहासाठी दीड-दोन किलो खुराक, पुढे दर अडीच लिटरला एक किलो. हे मला कधीच पटलेलं नाही.

तरी आपल्याला मोठीच गाय हवी असते, कारण दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅटखेरीजचे घनघटक) लागलं की पुढे पैसे लिटरवर मिळतात. मग वळू निवडतानाही प्रश्न एकच, त्याची आई किती लिटरची? मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला ‘बाएफ’ ही संस्था उभी केली आणि पुढे संकरित गाय शेतकऱ्याच्या दारी पोचवली, तेव्हा दुधाचीच टंचाई होती; लिटर मोजणं रास्तच होतं. आता पेंडीचं पोतंच सगळा नफा गिळतं.

अमेरिकेतल्या वळू-निवडीच्या निर्देशांकात २००० सालापासून थोराड देहाला उणे गुण आहेत. ऑस्ट्रेलियाने २०१५ साली आणि अमेरिकेने २०२० साली ‘वाचलेला चारा’ हा गुणच मोजायला घेतला. आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०२४ला वाशीममध्ये ‘गौ चिप’चं लोकार्पण झालं. ही चिप गाईचा डीएनए वाचते, पण वाचलेलं ज्या नोंदींशी ताडायचं त्या कुठे आहेत? दुधाच्या थोड्याफार सापडतात. खाल्लेल्याच्या, संशोधन केंद्रांचे गोठे सोडले तर, जवळजवळ नाहीतच. ते काम किचकटही आहे. सकाळी टाकलेली कुट्टी तोलायची, दुसऱ्या दिवशी उरलेले कडक देठ गोळा करून तोलायचे, ओल वेगळी काढायची. मध्येच शेजारणीने तोंड घातलं की तो दिवस बाद.

अशा नोंदी होईपर्यंत छातीच्या घेराला फीत लावून वजनाचा अंदाज तरी घेता येतो. कृत्रिम रेतनाला येणाऱ्याला वळूच्या आईच्या लिटरांसोबत त्याच्या लेकींचं वजनही विचारावं. बहुतेकदा तो हसेल. पण चार गावांतून तोच प्रश्न गेला, तर वळूंच्या यादीत तो रकानाही येईल.